पेन्सिलनं भरलेला कॉम्प्युटरचा चेंडू

माझी मुलगी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. तिच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, पण कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नाही, हे मला ती शेवटच्या वर्षाला गेल्यावर कळलं.

ग्राफिक्स नावाचा त्यांचा एक विषय होता. त्यात कॉम्प्युटरकडून चित्रं काढून घ्यायची असतात. आधी रेघ, मग गोल, मग गोलात रंग, असं करत करत सगळ्यात शेवटी चेंडू. चेंडू म्हणजे नुसता गोल नाही. एका बाजूनं उजेड पडलेला, दुसऱ्या बाजूला अंधार, उचलून हातात घ्यावा असा. मुलगी प्रोग्राम लिहायची, बटण दाबायची आणि पडद्यावर चित्र यायचं. इथपर्यंत मला समजत होतं. पण त्यानंतर तो सगळा प्रोग्राम निळ्या पेनानं फाइलमध्ये हातानं उतरवायचा, आणि समोरच्या पानावर, पडद्यावर जे आलं ते पेन्सिलनं काढायचं.

"छापून नाही लावता येत काय?" मी विचारलं.

"सर घेत नाहीत ना. म्हणतात, प्रिंट कोणीही कोणाचीही लावते. हातानं काढलं म्हणजे त्याले समजलं."

म्हणजे मशीन जे डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतं, ते पोरीनं बसून पुन्हा काढायचं. कशासाठी, तर मशीनकडून कसं काढून घ्यायचं ते तिला येतं हे दाखवायला. मी चौथीपर्यंत शिकलेली. पाचवीसाठी खाप्याला जावं लागायचं, म्हणून आमच्या घरी चौथीलाच शिक्षण पूर्ण झालं असं ठरलं होतं. त्यामुळे ज्या गोष्टीचा अर्थ लागत नाही तिचा अर्थ पाचवीनंतर सांगत असतील, असं मी समजते. कुणाला विचारत नाही. तसंही चार माणसांत माझा आवाज निघत नाही.

एक गोष्ट मात्र मला नीट समजली होती. एका कंपनीनं मुलीला निवडलं होतं. अट एकच, सगळे विषय पास पाहिजेत. फाइल पूर्ण नसेल तर सर सही करत नाहीत. सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा नाही तर पास नाही, पास नाही तर नोकरी नाही. तिच्या आत्याकडे एक स्थळ तयारच होतं. दर सणाला त्या ते काढून, झटकून, पुन्हा ठेवून देत.

फाइल द्यायची वेळ जवळ आली तेव्हा मुलीचं अर्ध्याहून जास्त लिहायचं बाकी होतं. लिखाण तिलाच करणं भाग होतं, कारण सर अक्षर ओळखतात. चित्र कुणी काढलं ते ओळखू येत नाही. म्हणून चेंडू माझ्या वाट्याला आला.

आम्ही मनीषनगरात भाड्यानं राहतो. वरच्या मजल्यावर घरमालकीण काकू. त्यांचा मुलगा त्याच कॉलेजातून शिकून गेला. मला दारात उजेडाला फाइल घेऊन बसलेलं पाहिलं आणि त्या जिन्यातच थांबल्या.

"तुह्याकडेही आली काय?" काकू म्हणाल्या. "आमच्या पोराचे सारे गोल म्या काढले. थ्या कॉलेजात पोट्टे शिकतात अन् आया चित्रं काढतात."

"सरांना कळत नाही काय?"

"अवं, सरांच्या फायलीत सरांच्या आईनं काढले असतीन!"

चेंडूचं पान फाइलमध्ये शिवलेलं होतं, बारीक चौकोनांचं. वर मुलीनं पेनानं नाव लिहून ठेवलं होतं, कडेला आकडे टाकले होते आणि मधोमध कंपासनं गोल आखून दिला होता. सोबत मोबाइलमध्ये एक फोटो. त्यात पडद्यावरचे आकडे होते, ओळीखाली ओळ. कॉम्प्युटर चेंडू रंगवायच्या ऐवजी प्रत्येक ठिपक्याचा आकडा सांगेल असं तिनं करून घेतलं होतं. पडद्यावरच्या अशा एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. माझ्यासाठी एक पिक्सेल म्हणजे एक चौकोन.

"शून्य ते नऊ आहेत," ती म्हणाली. "आकड्याप्रमाणे शेड दे. बस. जास्त डोकं नको लावू."

डोकं लावलंच नाही. शून्य असेल तिथे कोरं. एक असेल तिथे पेन्सिल नुसती टेकवायची. दोनला जरा जास्त, तीनला त्याहून. नवाला टोक दाबून काळंकुट्ट. तिखटाचं असतं तसंच, आकडा वाढला की जास्त टाकायचं. नऊ सगळे डावीकडे वर दाटी करून बसले होते, शून्य उजवीकडे खाली पसरले होते. शून्यांची गर्दी आली की मला बरं वाटायचं, तेवढा हात मोकळा.

सकाळचा स्वयंपाक झाला की मी दारात बसायची. बोट ठेवून आकडा वाचायचा, चौकोन शोधायचा, भरायचा. ओळ चुकली की सगळंच एक घर सरकतं, म्हणून भरलेल्या ओळीवर पट्टी ठेवायची. कुकरची शिट्टी ऐकू आली तरी ओळ संपल्याशिवाय उठायची नाही. मुलगी आत बसून लिहायची. मधेच मोठ्यानं म्हणायची, "झालं काय?" मी म्हणायची, "पोटापर्यंत आली." माझा नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. दुपारी घरी आला की तो चहा पिता पिता उभ्यानं पाहायचा.

"कॉम्प्युटरले किती वेळ लागते याले?" त्यानं एकदा विचारलं.

"लागतच नाही, बाबा," आतून उत्तर आलं.

"मंग लॅपटॉप कायले घेऊन देला? आईच घेऊन जाय ना कॉलेजात."

भरत आला तसा चेंडू मला थोडा बसका वाटायला लागला. खरं सांगायचं तर चेंडूपेक्षा पोह्यांच्या मधोमध वाटी दाबून उचलावी आणि खळगा राहावा, तसं दिसत होतं. पण कॉम्प्युटरचा चेंडू मी कधी नीट पाहिला नव्हता. मुलीनं एकदा दाखवला, पण तो आला आणि लगेच तिनं दुसरं काही उघडलं. असा असेल, म्हटलं. तिथेही मी पाचवीनंतरचं समजून सोडून दिलं.

फाइल द्यायच्या सकाळी मुलगी वेणी घालून तयार होती. नुसता चेंडूखाली मजकूर लिहायचा राहिला होता. तिनं पान उघडलं आणि पेन तसाच वर राहिला.

"आई, हे काय आहे?"

"चेंडू."

"हा चेंडू आहे?"

नवरा डोकं पुसत बाहेर आला. त्यानं वाकून पाहिलं. "टायरखाली आला काय वं?"

"नऊ म्हणजे पांढरं असते आई! नऊ म्हणजे पूर्ण उजेड. शून्य म्हणजे काळं!"

"शून्य काळं काहून? शून्य म्हणजे काहीच नाही. काहीच नाही तं मी कागद कोरा सोडला."

"काहीच नाही म्हणजे उजेड नाही! उजेड नाही म्हणजे काळं!"

आता शांतपणे विचार केला की वाटतं, आम्ही दोघीही बरोबर होतो. पडदा मुळात काळा असतो, त्यात उजेड टाकत जायचं. कागद मुळात पांढरा असतो, त्यात काळं टाकत जायचं. ती पडद्यावर शिकली, मी कागदावर. पण त्या वेळी एवढं सुचलं नाही. त्या वेळी एवढंच दिसत होतं, की दुपारपर्यंत सर फाइली घेणार आहेत आणि माझ्या हातानं पोरीची नोकरी काळी करून ठेवली आहे.

मी खोडरबर घेतला. पेन्सिल इतकी दाबून चालवली होती की काळं निघायच्या ऐवजी पसरायला लागलं. मुलीनं माझा हात धरला.

"नको, नको. राहू दे."

"पान फाडून दुसरं लाव," नवरा म्हणाला.

"शिवलेलं आहे बाबा. अन् पानापानावर कॉलेजचा शिक्का आहे."

"मंग उलटं धर ना. हे पाय." त्यानं फाइल उचलून उलटी धरली, आणि काय सांगू, चेंडू खरंच बरोबर दिसायला लागला. डावीकडे वर उजेड, उजवीकडे खाली अंधार. फुगून वर आला.

"अन् वर लिहिलेलं नाव?" मुलगी म्हणाली. नाव खाली गेलं होतं आणि शीर्षासन करत होतं. "सर काय डोक्यावर उभे राहून सही करतीन?"

नवऱ्यानं फाइल खाली ठेवली. पण मुलगी पानाकडेच पाहत होती. मग तिनं लॅपटॉप उघडला.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"चेंडू तं फिरवता येत नाही," ती म्हणाली. "लाइट फिरवते."

तेव्हा, घाईघाईत, तिनं मला ते समजावलं. कॉम्प्युटर एकेका ठिपक्यापाशी जातो. आधी विचारतो, तू गोलाच्या आत आहेस की बाहेर? बाहेरचा असेल तर सोडून देतो. आतला असेल तर विचारतो, तुझं तोंड उजेडाकडे किती आहे? पूर्ण उजेडाकडे असेल त्याला नऊ. जरा वळलेलं असेल त्याला सहा, पाच. पाठ असेल त्याला शून्य. बस, एवढंच. ठिपक्याचा स्वतःचा रंग वगैरे काही नसतो. हे मला एकदम पटलं. आमच्या सासरी मोठ्या घरातही हाच हिशोब होता. कुणाचं तोंड कुणाकडे, त्याप्रमाणे ज्याचा त्याचा उजेड.

उजेड कुठून येतो ते प्रोग्रामच्या एका ओळीत लिहिलेलं होतं. डावीकडून म्हणजे उणे एक, वरून म्हणजेही उणे एक. वर जाणारं उणे कसं, ते विचारायला वेळ नव्हता. तिनं दोन्ही उणे पुसले. बटण दाबलं. पडद्यावर चेंडू आला. उजेड उजवीकडून, खालून, आणि डोक्यावर अंधार. तिनं माझं पान शेजारी धरलं.

"झाला?" नवरा म्हणाला.

"जवळपास. तंतोतंत नाही. आई, हा डाव्या काठचा पट्टा तू हलका सोडला आहे, तो काळा कर. अन् इथं खाली काठाला नुसती पेन्सिल टेकव."

काळं करायला सांगितलं, हे माझं नशीब. पुसायला सांगितलं असतं तर मेलेच असते. मी बसून काठ भरला आणि खळग्याचा चेंडू व्हायला लागला. तिकडे तिच्यासमोर दुसरंच संकट होतं. प्रोग्राम पेनानं फाइलमध्ये उतरवून झाला होता. त्यात दोन्ही उणे होते, आणि खाडाखोड केली की सर पान परत करतात.

तिनं पेन घेतला आणि उण्याच्या आडव्या रेघेवर एक उभी रेघ ओढली. अधिक झालं. दुसऱ्यावर ओढली. तेही झालं. खाडाखोड कुठेच नाही.

"अन् कॉम्प्युटरले अधिक लिहिलेलं चालते?" नवऱ्यानं विचारलं.

"चालते."

"सूर्य इकडचा तिकडे केला पोरीनं," तो मला म्हणाला, "अन् तू अजून काठच भरून राहिली."

त्या दिवशी त्यानं शाळेच्या मुलांच्या आधी तिलाच कॉलेजात सोडलं. मुलांच्या आया त्याला फोनवर काय काय बोलल्या ते त्यानं मला सांगितलं नाही.

सरांनी फाइल घेतली. अनुक्रमणिका पाहिली. समास पाहिला. एका ठिकाणी तारीख राहिली होती, ती टाकायला लावली, आणि सही केली. चेंडूचं पान त्यांनी उघडलंही नाही. सही झाली हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की, माझे ते सगळे चौकोन कुणी पाहिलेच नाहीत, याचं वाईट वाटायला संध्याकाळ उजाडली.

पण परीक्षा बाकी होती. त्या परीक्षेला बाहेरचे सर येतात. ते कुणाला ओळखत नाहीत आणि अनुक्रमणिकेवर खूश होत नाहीत. परीक्षेच्या दिवशी नवरा व्हॅन घेऊन कॉलेजसमोर उभा राहिला आणि तिथून मला सारखा फोन करत होता.

"आली काय?" मी विचारायची.

"नाही आली."

"मग फोन कायले केला?"

"नाही आली हे सांगाले."

संध्याकाळी दोघं आले. मुलीनं चप्पल काढायच्या आधी सांगायला सुरुवात केली. बाहेरच्या सरांनी सगळ्यांच्या फाइली टेबलावर मांडल्या आणि एकामागून एक चेंडूचंच पान उघडलं. उजेड डावीकडून वरून. पुढची फाइल, डावीकडून वरून. पुढची, तेच. एका घरातून निघालेले चेंडू. मग हिची फाइल आली आणि ते थांबले.

"म्हणाले, हा प्रकाश खालून का? आमचे सर उठून आले ना आई! त्यांनी पहिले आपली सही पाहिली, मग चेंडू पाहिला."

"मंग?"

"मी म्हटलं, मुद्दाम केला सर."

"मुद्दाम म्हटलं?"

"मंग काय म्हणू? आई चुकली म्हणू?"

बाहेरच्या सरांनी तिला कॉम्प्युटरवर बसवलं. म्हणाले, आता वरून पण उजवीकडून करून दाखव. तिनं एका जागी उणे टाकलं, दुसरीकडे अधिक राहू दिलं. आला. आता समोरून. तेही आलं. त्यांनी माझं पान पुन्हा पाहिलं आणि आमच्या सरांना म्हणाले, सगळ्या वर्गाचा सूर्य एकाच जागी उगवतो, या एका मुलीनं तो हलवून तरी पाहिला. ही फाइल स्वतः केलेली दिसते.

नवरा पाणी पीत होता. त्याला ठसका लागला.

मीही हसले. पण मुलगी हसत नव्हती. तिची एक मैत्रीण आहे, आमच्याकडे येते, ताटात काही टाकत नाही अशी मुलगी. त्या वर्गात ती एकटीच अशी होती की जिनं सगळी चित्रं स्वतः बसून काढली होती. आई दवाखान्यात रात्रपाळी करते, कोण काढून देणार? तिचाही उजेड डावीकडून वरून, कारण पुस्तकात तसाच आहे. तिला बाहेरच्या सरांनी विचारलं, कुणाचं पाहून काढलं?

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. रडली. मग विचारलेलं सारं बरोबर सांगितलं, म्हणून सोडलं."

"तू काही बोलली नाही?"

"मी काय बोलू आई? माझा आईनं काढला म्हणू?"

मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलवायला सांगितलं. ती आली, दोन वेळा वरण घेतलं, आणि माझ्या मुलीच्या फाइलमधला चेंडू पाहून म्हणाली, "काकू, हिचं शेडिंग पाहा ना किती भारी आहे. माझे चौकोन असे सारखे भरतच नाहीत." माझ्या मुलीनं ताटात मान घातली. मी पापड आणायला आत गेले आणि आतच थोडी थांबले.

दोघी पास झाल्या. निकाल पाहिला त्या संध्याकाळी कंपनीचाही फोन येऊन गेला. आत्यांनी ते स्थळ आपल्या दुसऱ्या भाचीकडे वळवलं. नवरा पेढे घेऊन वर काकूंकडे गेला. मुलगी खुशीत होती. म्हणाली, "आई, तुले काय पाहिजे सांग."

मला काय पाहिजे हे मला कुणी फारसं विचारलेलं नाही, त्यामुळे पटकन सुचत नाही. मी म्हटलं, "तो चेंडू दाखव. बरोबरचा. त्या दिवशी आला अन् गेला, मले दिसलाच नाही."

तिनं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "थांब, तुह्या स्पीडनं लावते," म्हणाली, आणि काहीतरी लिहिलं, ज्यानं कॉम्प्युटर एकेका ठिपक्यानंतर दम घेईल.

काळ्या पडद्यावर वरच्या बाजूला एक ठिपका आला. मग दुसरा. एक ओळ संपली, खालची सुरू झाली. तो ठिपक्यापाशी जातो, विचारतो, आकडा देतो, पुढे सरकतो. अगदी माझ्यासारखाच, फक्त त्याला पट्टी लागत नाही. मी थोडा वेळ पाहिलं. मग उठून कणीक भिजवली, भाजी फोडणीला टाकली, पोळ्या लाटल्या. परत येऊन पाहते तर अजून तो पोटापर्यंतही आला नव्हता.

"हा इतका हळू काहून करून राहिला वं?" मी विचारलं.

मुलगी पोट धरून हसायला लागली. मी मात्र खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. पोळ्या झाकून ठेवल्या होत्या, आणि नऊचे ठिपके आता कुठे यायला लागले होते.